माउंट, दोन इंच

धुरूंनी गुंडाळी सोडली काउंटरवर.
चार कोपऱ्यांवर मी ठेवलं जे हाताला लागलं ते:
खिळ्यांचा डबा, फूटपट्टी, माझा चष्मा, त्यांचा मोबाइल.
बाई होती.
म्हणजे एक रेघ होती,
कपाळावरून निघून नाकावरून घसरलेली,
ओठांपाशी उचललेली,
हनुवटीला पुन्हा टेकलेली
आणि गळ्याखाली सोडून दिलेली,
पेच लागायच्या आधीच
कुणी मांजा हातातून सोडावा तशी.

मुगभाटात एकतीस वर्षं चौकटी करतोय.
देव केले, सत्कार केले,
गेलेल्यांचे फोटो तर इतके
की हारासाठी वरचा खिळा
न विचारता ठोकून देतो.
मत मला कुणी विचारत नाही.
साइज विचारतात.

धुरू म्हणाले, पांढरा माउंट, साधी काच,
आणि तेवढा डाग झाकता आला तर बघा.

डाग म्हणजे मानेच्या वळणावर शाईचा ठिपका,
मोहरीहून जरासा मोठा.
शटर अर्धं ओढून बघत बसलो.
बाकी सगळीकडे रेघ एका दमात गेलीय,
इथेच हात थांबलाय.
थांबलेल्या हाताखाली
कागद पीतच राहतो, त्याला कोण सांगणार.
म्हणजे त्या खोलीत काहीतरी झालं होतं.
ती हलली. किंवा शिंकली.
किंवा बोलली काहीतरी,
आणि काढणाऱ्यानं मग ओठ काढलेच नाहीत.

अन्वर चहा घेऊन आला तो पलीकडच्या बाजूनं.
म्हणाला, किनारा है क्या?
त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.
खरंच की. आडवी झाल्यावर
नाकाचा मलबार हिल झाला होता,
हनुवटीखाली चौपाटीची खोबण,
आणि डाग होता तिथे
एखादी होडी असावी, किंवा नसावी.
कटिंगचा ग्लास मी लांब सरकवला.

डबा घेऊन वृंदा आली.
पदराला हात पुसले, वाकली,
आणि नाक-बीक सोडून थेट कानावर गेली.
बघा, पाळी ओघळलीय.
वजनाचे झुबे घातलेत हिनं, वर्षानुवर्षं.
आत्ता नाहीत.
तिथे एक बारीक उभी फट होती.
मला वाटलं होतं निब अडकलं असेल.
भोक आहे ते, वृंदा म्हणाली,
रिकामं राहिलं की असं लांबट दिसतं.

ह्या दुकानाच्या पागडीत
तिचे झुबे गेले होते. तिच्या आईचे.
ते ती बोलली नाही.
डब्याचं झाकण उघडलं, म्हणाली,
आज मटकी आहे, गार होईल.
मी फूटपट्टी पुसत राहिलो,
स्वच्छच होती.

आता मला त्या चित्रात
ओठ नाहीत एवढंच दिसत होतं.
काढायचे राहिले नव्हते ते.
मिटलेल्या ओठांची रेघ
आतल्या बाजूनं असते,
आणि तिथे पेन पोचत नाही.
असं आपलं मला वाटलं.
चूक असेन. मी फ्रेमवाला आहे.

शनिवारी धुरू आले.
काच तिरकी धरून बघितली.
डाग राहिला की हो.
म्हटलं, झाकायला गेलो असतो तर मान कापली गेली असती.
अर्धा इंच सरकवून झाकता आला असता,
हे मला माहीत होतं.
कोण आहेत या? मी विचारलं.
काय माहीत, ते म्हणाले,
मुलीनं नवीन घर घेतलंय, भिंत मोकळी आहे.
पन्नास रुपयांवरून घासाघीस केली,
टॅक्सीत फ्रेम मांडीवर उभी धरून गेले,
तिचं तोंड रस्त्याकडे.

माउंटच्या मधला कापलेला तुकडा तेवढा उरला,
तिच्याएवढाच, कोरा.
टाकवेना म्हणून घरी नेला.
वृंदानं उलटसुलट करून पाहिला
आणि डगमगणाऱ्या पिठाच्या डब्याखाली
दुमडून घातला.
डबा आता हलत नाही.